बिरादार मॅडमची इर्जिक

बिरादार मॅडमची आणि माझी भिंत एक होती. अलीकडे कॉलेजचं ग्रंथालय, म्हणजे मी. पलीकडे संगणक कक्ष, म्हणजे त्या. ग्रंथालयात शांतता असावी असा एक समज आहे आणि मी नोकरीभर तो इमानेइतबारे जपला. पण भिंतीपलीकडून सदानकदा मॅडमचा आवाज यायचा. "काय गं, बेजार झालीस? थांब, जरा दम खा. कुणी घाई करायलंय का तुला?" पुष्कळ दिवस मला वाटायचं की बाई मुलींना फार मायेनं शिकवतात. पुढे एकदा दारातून डोकावलो तर कक्षात एकही मुलगी नव्हती. मॅडम एका जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

सगळे कॉम्प्युटर त्यांच्या लेखी बायका होत्या. दुरुस्तीला गेलेल्या मशीनला त्या 'माहेरी गेली' म्हणायच्या. माहेरून आलेली बाई थोडे दिवस हसतखेळत असते, मग पुन्हा कुरकुर सुरू होते, आणि आमच्या मशीनचं अगदी तस्संच असायचं.

माणूस म्हणाल तर उंच, हाडापेराने मजबूत, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात खेळाचे बूट. माहेर जळकोटकडचं, घरची शेती. नवरा विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला, म्हणून त्या नांदेडच्या झाल्या. जीभ मात्र जळकोटातच राहिली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्या जुडग्यात किल्ल्यांच्या बरोबरीने पेनड्राइव्ह लोंबत असायचे. त्या व्हरांड्यातून निघाल्या की खळखळ ऐकू यायची आणि टाइमपास करणाऱ्या मुली पुस्तकात डोकं घालायच्या. कक्षात चाकांच्या खुर्च्या आल्या तेव्हा मॅडमनी आपल्या खुर्चीची चाकं काढून घेतली. "बसायला खुर्ची पाहिजे, गाडी न्हाई," एवढाच खुलासा. कॉम्प्युटरजवळ चहा प्यायचा नाही असा त्यांचाच नियम होता, म्हणून त्यांचा थर्मास कायम माझ्या टेबलावर. ग्रंथालयात खाण्यापिण्याला मनाई आहे अशी पाटी त्या थर्मासच्या मागे झाकली जायची.

जगात एक फार मोठी सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिचं नाव मी घेत नाही, कारण मॅडमनीही कधी घेतलं नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण उखाण्यात तरी घेत. मॅडम उखाण्यातही घेतील असं वाटत नव्हतं. त्या कंपनीला 'मोठ्या घरचे' म्हणायच्या. "मोठ्या घरच्यांनी नवीन काढलंय. आपल्या मशीनी आता त्यांच्या दारात उभ्या बी राहू शकत न्हाईत." म्हणजे कंपनीची नवी सिस्टीम आमच्या जुन्या मशीनवर चालत नव्हती, आणि नव्या मशीन घ्यायची कॉलेजची ऐपत नव्हती. तेव्हा मॅडमनी कक्षातल्या सगळ्या मशीनवर दुसरीच सिस्टीम टाकली. तिला ओपन सोर्स म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"सर, तुमच्याकडून पुस्तक नेलेली पोरगी ते मैत्रिणीला वाचायला देती का न्हाई?"

"देते. आणि मैत्रीण हरवते."

"ते सोडा. मोठ्या घरच्यांचं पुस्तक असं हाय की एकीनं उघडलं की दुसरीनं डोकवायचं न्हाई. पान दुमडायचं न्हाई. चूक दिसली तर आपण दुरुस्त करायची न्हाई, ते करतील तवा करतील. आणि हे दुसरं हाय ते दुनियाभरच्या लोकांनी मिळून लिव्हलेलं. कुणीबी उघडा, कुणीबी दुरुस्त करा, कुणालाबी द्या."

"म्हणजे फुकट."

मॅडम रागावल्या की आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. "फुकट न्हाई ते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं हाय."

मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांची, म्हणजे आबांची गोष्ट सांगितली. एका वर्षी ऐन कामाच्या दिवसांत आबांचा बैल लंगडला. रान तसंच पडलेलं. गावात इर्जिक बसली. म्हणजे ज्याच्याकडे बैल आहे त्याने बैल घेऊन यायचं, नांगर आहे त्याने नांगर, आणि सगळ्यांनी मिळून एका दिवसात त्या एकाचं रान उरकून द्यायचं. मजुरी नाही. ज्याचं रान त्याने पोटभर जेवू घालायचं. उद्या दुसऱ्याची वेळ आली की आपण बैल घेऊन जायचं. लहानग्या बिरादार मॅडम तेव्हा पाणी वाढत फिरत होत्या. "त्या दिवशी आबाला कुणीबी 'फुकट काम करून दिलं' म्हणालं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणालं असतं तर आबा जेवलाच नसता."

एवढं बोलून त्यांनी थर्मासचं झाकण लावलं आणि त्या गेल्या. मला वाटलं, संपलं. पण बाईंच्या डोक्यात बैल शिरलेला होता.

तेवढ्यात किनवटचं प्रकरण झालं. रेणुका नावाची मुलगी आमच्याकडे शिकायला होती. किनवटकडच्या जंगलातल्या गावची, तिथल्या वसतिगृहात वाढलेली. त्या वसतिगृहाला कुणीतरी एक कॉम्प्युटर भेट दिला होता, आणि त्यावर जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता. एक खिडकी बंद केली की तीन उघडायच्या. त्यातल्या एकीनं वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना कळवलं की आपण भाग्यवान आहात, आपल्याला मोटारगाडी लागली आहे. रेक्टरबाईंनी पेढे वाटले. एवढ्यावर थांबल्या नाहीत. गाडी उभी करायला जागा पाहिजे म्हणून त्यांनी अंगणातल्या जांभळाच्या झाडाखालची जमीन मुलींकडून चोपून घेतली आणि शेणाने सारवून घेतली. वर रांगोळी. रोज सकाळी ती जागा झाडली जायची आणि गाडी काही यायची नाही.

रेणुकाने हे हसत सांगितलं, पण मॅडम हसल्या नाहीत. रविवारी रेल्वेने किनवटला गेल्या आणि तो कॉम्प्युटर चादरीत बांधून, मांडीवर घेऊन आल्या. सोमवारी मला दाखवला. "बगा, किती पाव्हणे बसलेत आत. न बोलावता आलेले. जेवण झालं तरी उठंनात." जाणकार ज्याला अॅडवेअर म्हणतात त्याला मॅडम पाव्हणे म्हणायच्या. अशा पाव्हण्यांनी भरलेल्या मशीन त्या काळात गावोगाव होत्या. ग्रामपंचायतीत, शाळेत, खताच्या दुकानात. कुणाला त्यांना उठवता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी संगणक कक्षात पहिली इर्जिक बसली.

नियम मॅडमचे. ज्याचं मशीन अडलं असेल त्यानं मशीन घेऊन यायचं. पण आपल्या मशीनला आपण हात लावायचा नाही. आपण दुसऱ्याचं साफ करायचं, आपलं दुसरा करतो. येत नसेल तर शेजारणीकडे बघून शिकायचं. रिकाम्या हाताने येणाऱ्याला जेवण मिळेल, मशीनपुढची जागा मिळणार नाही. दारातच मॅडम विचारायच्या, "बैल आणलाय का?" आणि पिशवीतून बैल निघाला की आत घ्यायच्या. सतरंजीवर ओळीने बसून मुली, शिक्षक, एक खताचा दुकानदार, एकदा तर एका तालुक्याचे पोस्टमास्तर, एकमेकांच्या मशीनमधले पाव्हणे हाकलायचे आणि ज्याला पाहिजे त्याच्या मशीनवर ती सगळ्यांची सिस्टीम टाकून द्यायचे. दुपारी भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची येसर आमटी आणि ज्वारीच्या भाकरी. येसरचा वास भिंत ओलांडून माझ्या संदर्भग्रंथांत जाऊन बसायचा. आजही आमचा एक मोठा शब्दकोश उघडला की मला भूक लागते.

मी तक्रार केली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतली आणि पुढच्या रविवारी माझ्यासाठी ताट पाठवलं. तक्रार तिथेच मिटली.

मोठ्या घरच्यांबद्दल त्यांच्या मनात द्वेष होता असं मात्र समजू नका. त्यांना त्यांची गंमत वाटायची, लांबच्या श्रीमंत नातेवाइकांची वाटते तशी. कंपनीनेच जाहिराती हुसकावणारा एक प्रोग्राम काढला तेव्हा मॅडमनी तोही इर्जिकीत वापरला. तो मशीन तपासायचा आणि सापडलेल्या प्रत्येक पाव्हण्यापुढे सल्ला द्यायचा: काढून टाका, किंवा दुर्लक्ष करा. एक फार उपद्रवी जाहिरातवाला होता. जवळपास प्रत्येक मशीनमध्ये तो निघायचा आणि त्याच्यापुढे नेहमी 'काढून टाका' असायचं. एका रविवारी मुली गोंधळल्या. तोच पाव्हणा, तोच उपद्रव, आणि सल्ला आला होता 'दुर्लक्ष करा'.

मॅडम थर्मास घ्यायला आल्या तेव्हा हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सर, सोयरीक चाललीय."

"कुणाची?"

"मोठ्या घरच्यांची. ह्या जाहिरातवाल्याशी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पाहिजे? परवापर्यंत पोराच्या तंबाखूला नावं ठेवायलते. आज म्हणायलेत, चालतंय, जवान पोरगा हाय. बोलणी लागल्याबिगर असं होत न्हाई, सर."

मी हे हसण्यावारी नेलं. वर्तमानपत्रांची चवड लावणं हे माझं कामच. काही दिवसांनी आतल्या पानावर एक छोटी बातमी दिसली, की ती कंपनी तो जाहिरातींचा धंदा विकत घेण्याच्या बोलण्यात आहे. मी पान घेऊन भिंतीपलीकडे गेलो. मॅडमनी वाचलं आणि परत दिलं, भाजीचा भाव वाचावा तसं. पुढे ती बोलणी फिसकटल्याचंही छापून आलं. कंपनीचं म्हणणं होतं की सल्ला नियमाने बदलला, त्याचा सोयरिकीशी संबंध नाही. असेलही. पण सोयरीक मोडली तरी सल्ला काही लगेच पालटला नाही. "एकदम तोंड फिरवायला लाज वाटत असंल," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर सानेसाहेब आले. कंपनीतर्फे कॉलेजांमध्ये फिरणारे, पुण्याचे, तरुण, गोड बोलणारे. पांढरा शर्ट, नांदेडच्या उन्हातही चुरगळत नसे. त्यांनी सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवली. ओपन सोर्स म्हणजे कसा धोका, कुणी बनवलं ते माहीत नाही, मागे जबाबदार माणूस नाही, उद्या काही झालं तर कुणाला विचारणार. प्राचार्य मान हलवत होते. मॅडम उठल्या.

"साहेब, इर्जिकीला कोण कोण आलं ते सगळ्या गावाला दिसतंय. कुणाचा नांगर वाकडा चालला ते बी दिसतंय. तुमच्या घरात आत काय शिजायलंय, ते कुणाला बघू देताव?"

साने हसले. "मॅडम, ते आमचं ट्रेड सीक्रेट आहे."

"हाव की. मग आमच्यावर धोक्याचा आळ कामून?"

सभागृहात मुली हसल्या, प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं. पण कार्यक्रम संपल्यावर मॅडमनी सान्यांना कक्षात नेलं, चटणी-भाकरी खाऊ घातली आणि वाटेत खायला शेंगांची चटणी बांधून दिली. मी म्हटलं, शत्रूला शिदोरी? तर म्हणाल्या, "भांडण मोठ्या घराशी हाय. लेकराशी न्हाई."

लेकरू पुढच्या वेळेला करार घेऊन आलं. कंपनी कॉलेजला नवाकोरा संगणक कक्ष देणार होती. थंडगार, काचेच्या दाराचा, नव्या मशीनचा. अट एवढीच की त्या कक्षात फक्त कंपनीचीच सिस्टीम राहील आणि बाहेरची मशीन आत येणार नाहीत. म्हणजे इर्जिक बंद. प्राचार्यांनी सही केली. त्यांना तरी काय म्हणावं? फुकट मिळत होतं.

मॅडम त्यांच्याकडे गेल्या ते मी पाहिलं. "इतवारचा तेवढा हॉल द्या," एवढंच म्हणाल्या.

"मॅडम, असं काय करून राहिलात तुम्ही? जग कुठं चाललंय, तुम्ही बैल घेऊन बसलात," प्राचार्य म्हणाले.

त्या दिवशी त्या थर्मास घ्यायला आल्याच नाहीत. मी नेऊन दिला. रिकाम्या कक्षात आपल्या बिनचाकी खुर्चीवर बसल्या होत्या आणि माणसं एकेक जुनं मशीन उचलून बाहेर नेत होती. मी काही बोलावं असं नव्हतं, तरी काहीतरी बोललो, की आता नोकरीची थोडी वर्षं राहिली, सोडून द्या. त्या म्हणाल्या, "सर, मला एकच बघायचंय. मी नसताना बी चालली, तर ती इर्जिक. न्हाईतर निस्ती माझी हौस." मग पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तुमच्या मागच्या खोलीत उंदरं झालीत म्हणं?"

"झालीत."

"माणसं आणून सोडते. जातील."

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. मी रीतसर परवानगी दिली असं मला आठवत नाही. पण पुढच्या रविवारी गठ्ठे भिंतीला लागले होते, सतरंजी पसरली होती आणि दारात मॅडम विचारत होत्या, बैल आणलाय का.

पलीकडचा नवा कक्ष थंडगार चालू होता. फक्त त्यात आता जाहिराती घरच्याच यायला लागल्या. पाव्हणे बाहेरून घुसायचे ते दिवस गेले; मोठ्या घरच्यांनीच त्यांना ओसरीवर बाज टाकून दिली. मेनू उघडला की मिठाया फोडायचे खेळ, कोपऱ्यात बातम्या. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी लातूरहून आलेले परीक्षक एका मुलीच्या मागे बराच वेळ उभे राहिले. मुलीला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय, ती रडकुंडीला आली. परीक्षक कोपऱ्यातली एका नटीच्या लग्नाची बातमी वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "जरा खाली सरकव ना." प्राचार्यांनी मॅडमना बोलावून ते सगळं बंद करायला सांगितलं. मॅडमनी बंद केलं. नवा अपडेट आला की पुन्हा हजर. "घरचेच हायत, सर," मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या, "कसं उठवावं?"

अशी वर्षं गेली. मॅडम निवृत्तीला आल्या आणि त्याच वर्षी सानेसाहेब परत आले. केस विरळ झाले होते, शर्ट तसाच. या वेळी त्यांनी सभागृहात मोठा फलक लावला होता. त्यावर लाल बदाम काढून लिहिलं होतं, की आमच्या कंपनीचं ओपन सोर्सवर प्रेम आहे. मी दोनदा वाचलं. ज्याला धोका म्हणत होते त्याचंच. आणि त्या प्रेमाखातर मराठवाड्यातल्या ओपन सोर्सच्या आद्य प्रचारक म्हणून बिरादार मॅडमचा शाल देऊन सत्कार.

आम्हाला वाटलं, बाई आता सुनावणार. त्यांनी शाल घेतली, घडी नीट केली आणि माइकपाशी गेल्या.

"प्रेम झालं, चांगलं झालं. उशिरा झालं तरी प्रेमच की. येत्या इतवारी माझी शेवटची इर्जिक हाय. या. बैल घेऊन या."

शेवटची, कारण प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मॅडम गेल्यावर मागच्या खोलीत स्मार्ट रूम होणार.

रविवारी साने खरंच आले. गाडीतून फलक उतरला, बदामाचे टीशर्ट उतरले, एक फोटोग्राफर उतरला. बैल सोडून सगळं होतं. मॅडमनी सगळ्यांना आधी पाटावर बसवलं आणि पोटभर वाढलं. फोटोग्राफर सतरंजीकडे निघाला तसा हात आडवा केला. "जेवलाव ना? आता फोटो नगं. तिथं काम चालू हाय."

सान्यांनी हातातला फलक भिंतीला टेकवला. मग गाडीत जाऊन स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले आणि ओळीत ठेवला. "मॅडम, हा माझा बैल. मी हात लावणार नाही."

सगळ्यांना कौतुक वाटलं. रेणुका त्या दिवशी किनवटहून आली होती. ती आता तिथल्याच वसतिगृहात रेक्टर होती. तिने लॅपटॉप पुढ्यात घेतला. काहीतरी काढायला गेली तर त्याने कंपनीची परवानगी मागितली. दुसरीकडून गेली, पुन्हा परवानगी. तिने सान्यांकडे पाहिलं.

"त्याला काही करता येत नाही," साने हळूच म्हणाले. "कुलूप कंपनीचं आहे. मलाही काही टाकता-काढता येत नाही."

ओळीतल्या मुली हसायला लागल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो लॅपटॉप रेणुकाच्या हातातून घेतला, पुसला, मिटला आणि सान्यांना परत दिला.

"बाबा, बैल तुझा न्हाईच की," त्या म्हणाल्या. त्यांना मी कंपनीच्या माणसाला अरेतुरे करताना पहिल्यांदा ऐकलं. "राहू दे. हात तरी तुझेच हायत ना? बस खाली."

आणि साने बसले. त्या पांढऱ्या शर्टात, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला टेकून. त्यांच्यापुढे किनवटच्या शाळेचं एक धुळीने भरलेलं मशीन आलं. दिवसभर त्यांनी त्यातले पाव्हणे काढले. उठले तेव्हा शर्ट पहिल्यांदा चुरगळलेला होता. त्यांच्या कंपनीचं प्रेम खरं की खोटं ते मला ठाऊक नाही, पण त्या एका दिवसाचं त्या माणसाचं काम खरं होतं, हे मी बघितलं आहे.

मॅडम निवृत्त होऊन जळकोटला गेल्या. मागच्या खोलीत स्मार्ट रूम झाली, म्हणजे एक मोठा टीव्ही लागला आणि खोलीला कुलूप. रविवार मुकेच गेले. जळकोटहून फोन यायचा. इकडची तिकडची चौकशी झाली की आवाज खाली यायचा. "इतवारी कुणी आलतं का हो, सर?"

"नाही."

"बरं." मला फार वाईट वाटायचं. खोटं सांगावं असंही एकदा मनात आलं, पण त्यांना खोटं सांगणं मला जमलं नसतं. पुढे पुढे त्यांनी विचारायचंही सोडलं.

मग एके दिवशी रेणुकाचा फोन आला. वसतिगृहात इर्जिक बसतीय, दर महिन्याला बसतीय, या खेपेला तुम्ही या. मी म्हटलं, मी म्हातारा, मला त्यातलं काय कळतं. ती म्हणाली, "बैल घेऊन या, सर. कळायचं आपोआप कळतंय." मी माझा कधीचा रुसलेला लॅपटॉप पिशवीत घातला आणि रेल्वेत बसलो.

गाडीसाठी सारवलेली ती जांभळाखालची जागा अजून तशीच स्वच्छ होती. तिथेच सतरंज्या पसरल्या होत्या. वसतिगृहाच्या मुली, आसपासच्या गावचे मास्तर, एक जंगल खात्याचा गार्ड, सगळे ओळीत. साने नव्हते, त्यांचा निरोप होता की अजून स्वतःचा बैल घेतलेला नाही, घेतला की येतो. दारात रेणुका उभी होती. माझ्यामागोमाग एक रिक्षा थांबली आणि तीतून खेळाचे बूट उतरले.

मॅडम. केस सगळे पांढरे, चालणं जरा सावकाश, आणि कमरेला जुडगा नाही. रेणुकाला मी त्यांच्या पाया पडताना पाहिलं. पाया पडून झाल्यावर ती उठली, पुन्हा दारात सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, बैल आणलाय का?"

मॅडमनी काखेतली चादरीची गाठ सोडून आपलं जुनं मशीन बाहेर काढलं. "आणलाय की," म्हणाल्या. "बिगर बैलाची कशी येईन?"

मशीन एका मुलीच्या पुढ्यात गेलं. ती शिकाऊ होती, लाजाळू होती, आणि हे मशीन कुणाचं आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडम तिच्या शेजारीच बसल्या. मुलगी अडली. चुकीच्या ठिकाणी गेली, परत आली, पुन्हा तिथेच गेली. मॅडमचा उजवा हात आपोआप पुढे झाला. दारातून रेणुकाने नुसतं बघितलं. मॅडमनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

जेवणात येसर होती. मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पातळ झालीय. पण बोलू नका कुणाला. त्यांची इर्जिक हाय."

माझ्या गाडीची वेळ झाली तशी मी निघालो. फाटकातून मागे वळून बघितलं. ती मुलगी अजून अडलेलीच होती, स्क्रीनवर बोट फिरवत स्वतःशी पुटपुटत होती. मॅडम तिच्या शेजारी, हात पदरात घट्ट बांधलेले, तिच्याकडे नजर जाऊ नये म्हणून मुद्दाम वर जांभळाच्या झाडाकडे बघत बसल्या होत्या.